बिलबुकाच्या पानाएवढी फट

ती. स्व. काका यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की मी बांधलेला गिटारचा ॲम्प वाजतोय. तीन आठवडे झाले, रोज संध्याकाळी तासभर वाजतोय आणि एकदाही रुसलेला नाही.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, त्याला कारण आहे. घरी येणारा प्रत्येक जण मागून डोकावतो, काचेचे तीन व्हॉल्व्ह नारिंगी पेटलेले बघतो आणि म्हणतो, "वा! व्हॉल्व्हचा आवाज तो व्हॉल्व्हचाच." शेजारी पत्र्यावर एक काळा लोखंडी ठोकळा, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर, बसलाय, त्याच्याकडे कुणाची नजरही जात नाही. मला दर वेळी सांगावंसं वाटतं की अहो, व्हॉल्व्ह तर आधीपासून हेच होते आणि तेव्हा हा आवाज नव्हता. तो आला त्या ठोकळ्यातल्या एका फटीतून, आणि ती फट काकांनी ठेवली.

तुमच्या वाइंडिंगच्या दुकानात आले तेव्हा मी दोन महिने हैराण होते. सर्किट साधं होतं, तीनच व्हॉल्व्ह: पुढे ईसीसी८३, मागे एकटा ईएल८४, एसी विजेची डीसी करायला ईझेड८०. निम्मं सामान रविवारच्या जुन्या बाजारातल्या एका वाळवी लागलेल्या रेडिओतून काढलेलं, बाकीचं पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेलं. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र एका ठिकाणी नवा बांधून घेतला होता. हिशेब मी स्वतः केला होता. व्हॉल्व्हला ५,२०० ओहम हवेत, स्पीकर ८ ओहमचा. ५,२०० भागिले ८ म्हणजे ६५०, त्याचं वर्गमूळ साडेपंचवीस. स्पीकरच्या बाजूला तारेचे १०० टर्न (वेढे) तर व्हॉल्व्हच्या बाजूला २,५५०. टर्न अगदी बरोबर होते. तरीही बारीक तारा डब्यात कोंडल्यासारख्या वाजायच्या आणि जाड तारेला हात लावला की नुसती घरघर. कंडेन्सर बदलले, रेझिस्टन्स बदलले, सोल्डरचे सगळे डाग पुन्हा दिले. ज्या ज्या दुकानात विचारलं तिथे आधी "कोणासाठी नेताय?" आणि मग "आता हे कोण वापरतं, तयार घ्या की" एवढंच ऐकलं.

तुम्ही यातलं काहीच विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, "कुठली तार वाजत नाही?"

मग ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, तुम्ही त्याची फक्त कड बघितलीत. मीटर लावला नाही. "हा मेनच्या ट्रान्सफॉर्मरसारखा भरलाय," म्हणालात, आणि मला ती कड नखाने चाचपायला लावलीत. एक ई या बाजूने, पुढची ई त्या बाजूने, अशा एकाआड एक घातलेल्या स्टॅम्पिंग, म्हणजे ई अक्षराच्या आकाराचे लोखंडी पत्रे. २३० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला असंच भरतात आणि तिथे ते योग्यच असतं. पण एकट्या ईएल८४चा ४८ मिलिअँपिअर करंट या तारेतून सतत एकाच दिशेने जात असतो. तुमचं वाक्य मी त्याच रात्री वहीत उतरवलं: "लोखंड डीसीनेच भरून गेलं, तर तुझ्या गिटारला जागा कुठे उरली?"

ज्याने तो बांधला त्याला तुम्ही नाव ठेवलं नाहीत. "आता मेनचेच येतात सगळीकडे, हात तसाच चालतो," एवढंच म्हणालात. तुमच्या हातून मात्र मर्फी आणि फिलिप्सच्या रेडिओंचे आउटपुट शेकड्याने गेले असणार, आणि त्यातही शेवटी बहुतेक एकच व्हॉल्व्ह असायचा.

व्हार्निश सुकून दगड झालेल्या त्या स्टॅम्पिंग सोडवायला आपल्याला दीड तास लागला. पहिली पट्टी तुम्ही पातळ सुरीने काढलीत आणि मग सुरी माझ्या हातात दिलीत. बॉबिनच्या तारेला धक्का लागू नये म्हणून सुरी कशी आडवी धरायची, तेही दाखवलंत. ती तार ३८ गेजची, केसाहून थोडीच जाड. एक ओरखडा आणि अडीच हजार टर्न वाया. नंतर सगळ्या ई एका बाजूने, सगळ्या आय, म्हणजे सरळ पट्ट्या, एकत्र करून दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कागद: डीसीने लोखंड भरू नये म्हणून ठेवलेली हीच ती फट. कागद शोधताना तुम्ही बिलबुक उघडलंत आणि एक कोरं पान टर्रकन फाडलंत.

पुढच्या शनिवारी मी चासी, म्हणजे ॲम्पचा पत्र्याचा सांगाडा, घेऊन आले आणि तुम्ही प्लग लावू दिला नाहीत. आधी विचारलंत, "बंद केल्यावर कंडेन्सर रिकामा कुठून होतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, त्यात २८० व्होल्ट, आणि मी दोन महिने त्यात दोन्ही हात घालून बसत होते. २२० किलोओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टन्स तुम्ही स्वतःच्या डब्यातून काढलात, माझ्याकडून तिथे डाग मारून घेतलात आणि नियम घालून दिलात: बंद केल्यावर दोन मिनिटं थांबायचं, मग मीटर लावायचा, आणि मीटर लावताना डावा हात पाठीमागे. काका, आज मी हे पत्र लिहू शकतेय त्यात त्या रेझिस्टन्सचाही वाटा असेल. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना माझाही नमस्कार लिही."

त्यानंतर शॉर्ट तपासायला सिरीजमध्ये शंभर वॅटचा पिवळा बल्ब. तो लख्ख पेटला, माझा श्वास अडकला, आणि व्हॉल्व्ह तापत गेले तसा तो हळूहळू मंद होत नुसता निखाऱ्याएवढा उरला. "शॉर्ट नाही," तुम्ही म्हणालात. मीटरवर ईएल८४च्या कॅथोडच्या पिनेला सात व्होल्टच्या पुढे यायला हवे होते, आले जेमतेम पाच. जुन्या बाजारातला तो व्हॉल्व्ह थकलेला होता. तुम्ही वरच्या फळीवरून एक खोकं काढलंत, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईएल८४, पिना अजून चकचकीत. "पडून होता," म्हणालात. मला माहीत आहे काका, तो पडून नव्हता, जपून ठेवलेला होता.

आणि मग ती दुपार! कागद एकपदरी, वाजवून बघ. बंद, दोन मिनिटं, मीटर, क्लॅम्प सैल, कागद दुहेरी, पुन्हा वाजव. तिहेरी, पुन्हा. एकपदरीला जाड तार जोरात छेडली की अजून घरघर येत होती. तिहेरीला घरघर गेली, पण खालच्या सुरांचा भरीवपणाही गेला. दुहेरीला मी गिटारची खालची, जाड ई तार मोकळी सोडली आणि तुमच्या टेबलावरची स्क्रूची वाटी थरथरली. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. "हाच ठेव," म्हणालात आणि व्हार्निशचा डबा उघडलात.

उरलेली गुणगुण तुम्ही नुसत्या कानाने ओळखलीत: "हा शंभरचा आहे, पन्नासचा नाही. व्हॉल्व्हचा हीटर सोड, अर्थिंग बघ." घरी येऊन मी खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं. तो जी सूर ९८ हर्ट्झचा, आणि गुणगुण त्याच्या अगदी किंचित वर, खरंच शंभरची! पहिल्या कंडेन्सरचं अर्थिंग ईसीसी८३च्या अर्थिंगपासून वेगळं काढलं आणि ती गेली. आता हाताशी मीटर नसला तरी गिटार असतेच.

चार शनिवार तुम्ही दिलेत आणि घेतलेत व्हार्निशचे चाळीस रुपये. मी पाकीट पुढे केलं तर तुम्ही पंख्याचं वाइंडिंग पुढ्यात ओढून मोजायला लागलात, म्हणजे मला पुढे बोलता येऊ नये. म्हणून ते इथे बोलते. ज्यांना घरी असा ॲम्प बांधायचाय त्यांनाही हात जोडून सांगते: व्हॉल्व्हवर खर्च करण्याआधी आउटपुट ट्रान्सफॉर्मर बांधणाऱ्या माणसासमोर जाऊन बसा, तो काय विचारतो ते ऐका, आणि त्याचे पैसे त्याने नको म्हटलं तरी द्या.

दुकानात आपण तुमच्या सहा इंची स्पीकरवर ऐकलं होतं. आता दहा इंची बसवलाय, आजीच्या जुन्या सागवानी कपाटाच्या फळ्यांची पेटी करून. तो आवाज तुम्ही अजून ऐकलेला नाही. येत्या शनिवारी चारला, तुमचा चहा झाला की घेऊन येते.

जे पान तुम्ही फाडलंत त्यावर १४७ नंबर छापलेला होता. ते दुमडून आत गेलं आणि माझं बिल काही झालं नाही. चासीच्या आतल्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरच्या बरोबर खाली, मी मार्करने लिहून ठेवलंय: "फट काकांनी ठेवली. बिल क्र. १४७, दुहेरी." शनिवारी पेटी उलटी करून दाखवते.

काकूंना नमस्कार.

आपली नम्र,
गिटारवाली