फॉस्टिनाचं नाणं

लंडन, रविवार

प्रिय सुहास,

शेवटी एक सेस्टर्टियस, म्हणजे प्राचीन रोमन नाणं, घेतलंच. इथल्या एका जुन्या नाण्यांच्या दुकानात काचेखाली पडून होतं. चांगलं जाडजूड, हातात घेतलं की वजन जाणवतं. सगळे याला ब्राँझ म्हणतात, पण खरं तर हे पितळ आहे, म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. नवं असताना सोन्यासारखं झळकत असणार. आता काळपट हिरवं पडलंय.

छाप्यावर धाकटी फॉस्टिना, रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसची राणी. आई-मुलगी दोघींचं नाव एकच, त्यामुळे सुरुवातीला माझा फार गोंधळ व्हायचा. आता केसांवरून ओळखतो. आईच्या वेण्या डोक्यावर मुकुटासारख्या रचलेल्या, मुलीचा अंबाडा मागे. आई इ. स. 140 मध्ये गेली आणि सिनेटने तिला देवी ठरवलं. तिचा नवरा, सम्राट अँटोनायनस पायस, पुढे वीस वर्षं तिची नाणी पाडत राहिला, त्यांतल्या कित्येकांवर एकच शब्द: एटर्निटास, चिरंतनता. मला हे फार भिडतं रे.

पण माझ्या नाण्याची खरी गोष्ट मागच्या बाजूला आहे. देवांसाठी मांडतात तसं आसन आणि त्यावर दोन तान्ही बाळं. भोवती अक्षरं, अर्थ ‘युगाचं सौख्य’. 161 च्या ऑगस्टमध्ये फॉस्टिनाला जुळे मुलगे झाले, त्याच आनंदात हे पाडलेलं. त्यातला एक कमोडस, पुढे सम्राट झाला. दुसरा चार वर्षांचा होऊन गेला. तिला डझनभर तरी मुलं झाली, त्यातली निम्मी लहानपणीच गेली. फेकुंडिटास (सुफलतेची देवी), जूनो, व्हीनस अशा कितीतरी देवी टाकसाळीने तिच्या नाण्यांवर आणल्या. प्रत्येक बाळंतपणात तिचं काय झालं असेल, याचा विचार करत मी काल रात्री बराच वेळ जागा होतो.

नवऱ्याबरोबर पूर्वेच्या मोहिमेवरून फिरताना टॉरस पर्वताच्या पायथ्याशी हलाला नावाच्या गावात ती वारली. मार्कसने त्या गावाला तिचं नाव दिलं. नंतरच्या एका नाण्यावर मशाल घेतलेली डायना देवी आहे आणि शब्द आहेत ‘ताऱ्यांत सामावलेली’. तेही कधी मिळालं तर घेणारच.

तू डिसेंबरात येशील तेव्हा भिंग घेऊन ये. डावीकडच्या बाळाचा चेहरा पार झिजलाय, उजवीकडच्याचा अजून दिसतो. कमोडस कोणता आणि त्याचा भाऊ कोणता, हे नाण्यावर लिहिलेलं नाही. मी रोज पाहतो. तूही एकदा पाहा.

तुझा,
अनंत