रिकामा डबा पाठवू नये म्हणून

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, मायना तुम्ही शिकवलात तसाच लिहिलाय. पुढचं शुद्धलेखन मात्र तपासू नका, रात्रीचे तीन वाजलेत आणि डावा हात गुंतलेला आहे.

आई, डिंकाचे लाडू संपले. अकरा मी खाल्ले, बाकीचे समीरने. बाळंत कोण झालंय असं विचारलं तर म्हणतो, जागरण दोघांचंही आहे. डबा घासून पालथा घातला आणि तुझं वाक्य आठवलं, माहेरचा डबा रिकामा धाडू नये. घरात साखरेशिवाय घालण्यासारखं काही नाही, आणि साखर बाबांच्या घरात पाठवायची नाही. म्हणून त्यात हे पत्र घालतेय. शेखरदादा शनिवारी गाडी घेऊन निघतोय, तो आणून देईल.

फोनवर हे जमत नाही. व्हिडिओ लावला की तू म्हणतेस, 'तुझं तोंड काय बघायचंय, तिचं दाखव.' ती रडली की तुझा जीव खालीवर, ती झोपली असली तर आपण तिघं कुजबुजत बोलणार. त्यात महत्त्वाचं काय सांगायचं?

तर सांगते. आम्ही चिपळूणला येत नाही. आधी पंधराव्या दिवशी येते म्हणाले, मग कावीळ उतरली की येते म्हणाले, मग पाऊस जरा उघडू दे म्हणाले. दर वेळी तू 'बरं' म्हणालीस आणि मी फोन ठेवून रडले. आता ते पुरे. सव्वा महिना काय, गणपतीपर्यंत इथेच, पुण्यात राहायचं ठरवलंय. समीरने ठरवलेलं नाही, सासूबाईंनी तर नाहीच नाही, मीच ठरवलंय. तू एप्रिलातच बाज उन्हात घालून ठेवलीस, पाळण्याला वॉर्निश दिलंस, आजीची नऊवारी फाडून चौदा दुपटी शिवलीस, हे सगळं मला ठाऊक आहे. बाबांनी सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस.

कारणं हवीत ना? एक म्हणजे बाबांच्या बायपासला अजून दोन महिनेही झालेले नाहीत. छातीचं हाड जुळायला तीन महिने लागतात, हे तुझ्यासमोरच डॉक्टर म्हणाले होते. एका खोलीत ते, एका खोलीत बाळंतीण, आणि मध्ये तू, गुडघ्याला पट्टा बांधून. 'मला जड नाही' हे तू म्हणणारच. तुला आजवर जड झालंय तरी काय? दुसरं, कुंभार्ली घाट. जुलैत दरड कधी खाली येईल सांगता येत नाही, आणि दर दोन तासांनी पाजायचं मूल घेऊन मी कोयनेच्या अलीकडे कुठे अडकून बसू? तिसरं, वाशिष्ठीचा पूर. २००५ मध्ये मी चौथीत होते, माळ्यावरची ती रात्र आठवली की अजून पायाला गार लागतं. आणि २२ जुलै २०२१ नंतर दीड दिवस तुमचा फोन लागला नव्हता, तेव्हा मी इथे बसून काय काय मनात आणलं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तारीख परत तीच जवळ येतेय. चौथं कारण शोधतेय, पण तीन पुरेत.

आता इकडचं सगळं नीट सांगते, म्हणजे तुला झोप लागेल.

मालीशवाल्या मावशी सकाळी दहाला येतात. साताऱ्याकडच्या आहेत, तोंडाने फटकळ, हाताने मऊ. पाय लांब करून बसतात, तिला पायांवर पालथी घेतात आणि पाणी घालतात, अगदी तू घरी करायचं म्हणत होतीस तसंच. ती किंचाळते आणि मग तीन तास मेल्यासारखी झोपते. (असं म्हणू नये, माहीत आहे.) माझ्या पोटाला पट्टा आहे, कानाला रुमाल आहे, खाटेखाली शेक आहे. धुरी मात्र घेत नाही, तिच्या इवल्या छातीला धूर नको म्हणून. बाळंतशोपा जेवणानंतर मूठभर. बाजरीची भाकरी समीरला थापता येत नाही, पोळीवाल्या काकू करून देतात. शेपू आठवड्यातून दोनदा. अळिवाची खीर रोज. दूध पुरतं का, हा तुझा रोजचा प्रश्न. पुरतंय. वजन कसं ते बघ. जन्मली तेव्हा २ किलो ७०० होती, चौथ्या दिवशी २ किलो ५०० वर आली, तेव्हा मला वाटलं माझंच चुकतंय. पहिल्या दिवसांत सगळीच मुलं जरा उतरतात म्हणे. चौदाव्या दिवशी जन्माचं वजन भरून काढलं. काल, चोविसाव्या दिवशी, ३ किलो ५० ग्रॅम.

समीर कालनिर्णयाच्या मागे हिशेब ठेवतो. आपण दूधवाल्याचे खाडे लिहायचो ना, तसा. शू झाली की गोल, शी झाली की फुली. दिवसाला सहाच्या वर गोल असले की पोट भरतंय असं समजायचं. परवा आठ गोल, पाच फुल्या होत्या. त्याने मला उठवून दाखवलं.

कावीळ आता अजिबात नाही. ते दोन दिवस मात्र वाईट गेले. निळ्या दिव्याखाली उघडी ठेवलेली, डोळ्यांवर पट्टी, आणि पाजायला तेवढी बाहेर काढायची. तू फोनवर म्हणालीस, कोवळ्या उन्हात धर. आई, पुण्यात ऊन कुठलं, आणि असतं तरी त्या आकड्याला ते पुरलं नसतं. लिव्हर अजून कच्चं असतं, रक्तातला पिवळा रंग त्याला उरकत नाही. त्या दिव्याने त्या रंगाचं रूप बदलतं आणि तो शी-शूवाटे निघून जातो, इतकं साधं आहे. तेव्हा मी तुझ्यावर ओरडले, त्याबद्दल माफ कर. त्या दिवशी मी नर्सवर, समीरवर आणि शेपूच्या भाजीवरही ओरडले होते. भाजीसमोर बसून अर्धा तास रडले. पहिल्या आठवड्यात असं होतं आणि बहुतेकींचं दोन आठवड्यांत निवळतं. डॉक्टरांनी दहा प्रश्नांचा एक कागदही भरून घेतला, हसू येतं का, उगीच भीती वाटते का, असले. बरा निघाला. तुला कुणी विचारलं होतं का गं असं, मिरजेला?

गुटीचा डबा मिळाला. सहाण देवघरात ठेवलीये, हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग सगळं तसंच कागदात बांधून. सहा महिने दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षभर नाही. तू मला सगळं दिलंस आणि मी धडधाकट आहे, हे खरंच आहे. पण आता वेगळं सांगतात त्याला मी काय करू? सहाण फेकणार नाही, एवढं नक्की. काजळ डोळ्यात घालत नाही. तीट मात्र लावते, डाव्या तळपायाला, मोज्याच्या आत. डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

आणि हो, ती तुझ्यासारखीच झोपेत भुवई उडवते. पोट भरलं की हनुवटीवर दूध ओघळतं आणि ती मुठी सैल सोडते, एकेक बोट करून. मी ते बघत बसते आणि झोपायचं राहून जातं. तू मला 'मनूचं मनगट, दोऱ्याचं वळं' म्हणायचीस, ते मी तिला म्हणायला लागले तेव्हा लक्षात आलं की हा आवाज माझा नाहीच, तुझा आहे.

रात्री समीर घेतो तिला. त्याला गाणं येत नाही. म्हणून तो पाढे म्हणतो. तेराच्या पाढ्याला डोळे जड होतात, सतराच्या पाढ्याला झोपते, एकोणीसपर्यंत जायची वेळ फक्त एकदाच आली. छातीवर पालथी टाकून, दिवा बंद, 'सतरा सक दोनशे दोन.' चुकतो, बाबा. तिथून मी म्हणते, एकशे दोन.

आता खरं सांगते, वरची तीनही कारणं खरी असली तरी.

मिरजेचा तो फोटो आठवतो तुम्हाला? २०२१ च्या चिखलात गेला तो. आजोळच्या ओसरीवर बाबा उभे आहेत, मी त्यांच्या हातात, आणि मी तोंड फाडून रडतेय. प्रत्येक लग्नात ती गोष्ट निघते. पोफळीहून शिफ्ट संपवून, एसटीने, तीन महिन्यांनी बाप आला आणि पोरीने भोकाड पसरलं. मामा नक्कल करून दाखवतो, सगळे हसतात. बाबाही हसतात. पण माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री, मांडवात खुर्च्या मोजता मोजता ते मला म्हणाले, 'बाराव्या दिवशी तुला लांबूनच बघून गेलो होतो. खरी हातात मिळालीस ती तीन महिन्यांची.' आणि मग परत खुर्च्या मोजायला लागले.

आई, तुझं काही चुकलं नव्हतं. तेव्हा पद्धतच ती होती, आणि मिरजेला आजीचे दोन हात होते म्हणून तर तू उभी राहिलीस. मी हे तुझ्या विरुद्ध लिहीत नाहीये. पण मी चिपळूणला आले असते तर काय झालं असतं, मला माहीत आहे. मी परत तुमची मनू झाले असते. तू म्हणाली असतीस, झोप तू, दे इकडे, आणि मी आनंदाने दिली असती. समीर शनिवारी येऊन रविवारी गेला असता, पाहुण्यासारखा, हात धुऊन. त्याची रजा दहा दिवसांची होती, ती संपली. आता आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, म्हणून पाढे तरी होतात. त्याचं ते गोल आणि फुल्यांचं पान मला तिकडून मिळालं नसतं.

हे लिहून झालं आणि पंधरा मिनिटं नुसती बसून राहिले. कारण मोजलं. आई, तू निदान जन्माच्या वेळी पाच दिवस येऊन गेलीस, तिन्ही जिने चढून. बाबांनी तिला अजून फोनवरच पाहिलंय. यंदा अधिक महिन्यामुळे गणपती सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणजे तोवर ती बारा आठवड्यांची होईल. बाबा, तुम्हाला मी दुसऱ्यांदा तीन महिने थांबायला लावतेय. याचं उत्तर माझ्याकडे नाही. ती रडली तर मामाला नक्कल करू देणार नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

बारसं तिकडेच. इथे बाराव्या दिवशी काहीच केलं नाही, नुसता दिवा लावला. गणपतीत, आपल्या माजघरात, तू वॉर्निश दिलेल्या पाळण्यातच तिला घालायची. नाव तोवर कुणाला सांगणार नाही, तुलाही नाही, फोनवर कितीही गोड बोललीस तरी. घुगऱ्या तू कर, पण वाटायला शेजारच्या पोरांना लाव. डिसेंबरपर्यंत माझी रजा आहे, गणपतीनंतर मी तिला घेऊन चांगली तीन आठवडे राहीन. तेव्हा 'दे इकडे' म्हण, देईन.

तोवर जे सांगते ते ऐकायचं. बाबा, बादली उचलायची नाही, अर्धी भरलेली पण नाही. खोकला आला की उशी छातीशी धरायची. ते तीन चेंडूंचं यंत्र कपाटावर ठेवलंय असं कळलं, ते खाली काढा, श्वास ओढायचा आहे, शोभेचं नाही. रक्त पातळ व्हायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, 'आज बरं वाटतंय' म्हणून तर मुळीच नाही. लोणचं-पापड बंद, आणि आई, ताटात बाजूला चमचाभर वाढून 'बघायला ठेवलंय' म्हणायचं नाही. पाऊस लागला आणि नदी वाढतेय असं कुणी म्हणालं की वाट न बघता वर काकांकडे जायचं. औषधं, कागद, चष्मे एका पिशवीत घालून दाराशी टांगून ठेवा. आजच. गुडघ्याला दोन वेळा शेक घे. खाली बसून भाजी चिरू नकोस. ओटा कशाला बांधलाय?

बाबा, सप्टेंबरपर्यंत ती साधारण पाच किलोंची होईल आणि तुमचं हाड जुळलेलं असेल. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, पाच किलो उचललं तर चालेल का. 'वजन' म्हणा, काय उचलायचंय ते सांगू नका, नाहीतर ते हसून काहीही हो म्हणतील.

उठली ती. आई, कुंचीचं माप मागितलं होतंस. डब्यात पांढरा दोरा आहे, टोकापासून धर. पहिली गाठ जन्मल्या दिवशीची, दुसरी आजची. मध्ये बोटभरही अंतर नाही, पण आहे. तू दुसऱ्या गाठीच्या पुढे चांगली दोन बोटं सोडून शिव, सप्टेंबरात घालायची आहे.

तुमची,
मनू