फॉरमॅट मारण्याची वेळ का यावी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नावनोंदणी केलेल्या घरगुती संगणकांना सुरक्षा अपडेट मिळण्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यामुळे जुन्या संगणकावर विंडोज ११ चढवणे, हार्ड डिस्क काढून एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवणे अशी कामे घरोघरी निघाली आहेत. त्यात काही बिघडले की दुकानातून ठरलेला सल्ला मिळतो : ‘फॉरमॅट मारून घ्या.’ फॉरमॅट मारला की विंडोज नवे होते, पण टॅली, प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन, मराठी फॉन्ट, ब्राउझरमधले पासवर्ड हे सगळे पहिल्यापासून बसवावे लागते. पूर्ण डिस्कची इमेज हाताशी असेल तर हेच काम तासाभरात उरकते. ती कशी घ्यावी आणि कोणत्या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवावा, याबद्दल हे पत्र. थोडे लांबले आहे, पण तपशील गाळले तर उपयोग नाही.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. रोलबॅक, क्लोन आणि इमेज या तीन वेगळ्या वस्तू आहेत. रोलबॅक म्हणजे त्याच डिस्कवर जुनी अवस्था राखून ठेवणे. क्लोन म्हणजे एका डिस्कची हुबेहूब दुसरी डिस्क. इमेज म्हणजे सगळ्या डिस्कचा मजकूर एका फाइलमध्ये बांधून दुसऱ्या डिस्कवर ठेवणे. रोलबॅक झटपट होतो, पण डिस्कच गेली तर त्याच्यासकट जातो. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर) तर आत शिरल्यावर बहुधा सर्वांत आधी विंडोजने राखलेल्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपी पुसते, म्हणजे रिस्टोअर पॉइंटही गेलेच. क्लोन एकाच दिवसाचा असतो, आणि क्लोन केल्यावर दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवल्या तर दोघींची ओळख-सही एकच निघते म्हणून विंडोज एकीला ऑफलाइन करून टाकते. घरच्या संगणकासाठी पाया इमेजचाच हवा. रोलबॅक ही तिच्यावरची सोय.

विंडोजची स्वतःची सिस्टीम रिस्टोअर फुकट आहे, ती चालू जरूर ठेवा. अनेक संगणकांवर ती मुळात बंद असते. सर्चमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून सी ड्राइव्ह निवडा, कॉन्फिगरमध्ये संरक्षण चालू करून ५ ते १० टक्के जागा द्या. नवा ड्रायव्हर (एखादा यंत्रभाग चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) किंवा सॉफ्टवेअर बिघडले तर ती उपयोगी पडते, पण तुमचे फोटो आणि कागदपत्रे ती परत आणत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत जून २०२५ च्या अपडेटनंतर हे पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवस राहतात. नवी आवृत्ती चढवल्यावर ‘गो बॅक’ने मागे जाण्याची मुदत तर १० दिवसांचीच, आणि त्याआधी डिस्क क्लीनअप करताना विंडोज.ओल्ड हे जुन्या आवृत्तीचे फोल्डर उडवले तर तीही नाही.

‘विंडोज बॅकअप’ नावाचे जे नवे ॲप दिसते, त्याच्या नावावर जाऊ नका. ते सेटिंग्ज आणि काही फोल्डर वनड्राइव्हवर पाठवते, आणि तिथे फुकट जागा ५ जीबी. डिस्कची इमेज ते घेत नाही. इमेज घेणारी जुनी सोय कंट्रोल पॅनलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ या नावाने अजून आहे, पण मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच तिचा विकास थांबवल्याचे जाहीर करून दुसरे सॉफ्टवेअर वापरण्याचा सल्ला दिला. ती लहान डिस्कवर इमेज उतरवत नाही, आणि ‘विंडोजइमेजबॅकअप’ फोल्डरचे नाव बदलले किंवा ते ड्राइव्हच्या मुळातून हलवून दुसऱ्या फोल्डरात टाकले, तर परत आणताना तिला ते सापडत नाही. अडीनडीला ठीक, भिस्त ठेवण्याजोगी नाही.

रोलबॅकसाठी वेगळी सॉफ्टवेअरही मिळतात. डीप फ्रीझ हे त्यांतले शाळा, प्रयोगशाळा आणि सायबर कॅफेवाल्यांच्या ओळखीचे. संगणक पुन्हा सुरू केला की मधले सगळे बदल पुसले जातात. जिथे रोज नवी माणसे बसतात तिथे हे उत्तम. घरी मात्र मुलाने लिहिलेला प्रकल्प डेस्कटॉपवर ठेवला आणि संगणक बंद केला, की तो गेला. थॉस्पेस म्हणजे ज्यातले बदल पुसले जात नाहीत असा वेगळा भाग केला नसेल तर ही चूक होणारच. विंडोजचे अपडेटही त्यासाठी वेळ राखून ठेवल्याशिवाय टिकत नाहीत. रोलबॅक आरएक्स वेगळ्या पद्धतीचे आहे : ते विंडोजच्या खालच्या थरात बसते आणि डिस्कवरचा कोणता तुकडा कोणत्या स्नॅपशॉटचा (राखून ठेवलेल्या अवस्थेचा) याचा नकाशा स्वतःजवळ ठेवते. काही मिनिटांत कालच्या अवस्थेत नेते हे खरे, पण तो नकाशा त्याचा त्यालाच कळतो. बाहेरच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून पार्टिशन (डिस्कचे भाग) बदलणारे किंवा इमेज घेणारे साधन चालवले तर घोळ होतो. हे वापरत असाल तर इमेज विंडोज चालू असतानाच घ्या, आणि विंडोजची आवृत्ती बदलण्याआधी ते काढून ठेवा. या सॉफ्टवेअरने अडकलेल्या डिस्क दुरुस्तीला येतात तेव्हा बहुतेक वेळा याच दोन गोष्टी पाळलेल्या नसतात.

इमेज घेताना फक्त सी ड्राइव्ह घेणे ही नेहमीची चूक. आजच्या संगणकात सीच्या आधी संगणक सुरू करून देणारा १०० ते २६० एमबीचा ईएफआय भाग असतो, १६ एमबीचा राखीव भाग असतो, आणि शेवटी रिकव्हरीचा ५०० एमबी ते १ जीबीचा भाग. ईएफआयचा भाग नसेल तर नव्या डिस्कवर संगणक सुरूच होत नाही. म्हणून ‘संपूर्ण संगणक’ किंवा ‘संपूर्ण डिस्क’ हाच पर्याय निवडा. १०० जीबी भरलेल्या डिस्कची इमेज दाबून साधारण ६० ते ७० जीबी होते. फोटो आणि व्हिडिओ जास्त असतील तर दाबली जात नाही, कारण ते आधीच दाबलेले असतात. निळ्या यूएसबी ३ पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क लावली तर २०-२५ मिनिटे, जुन्या पोर्टात पाऊण तासाहून जास्त. बाहेरची डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची हवी. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि काही साधने तिथेच अडखळतात.

आता निवडीचा मुद्दा. जाहिरातीत सगळी सॉफ्टवेअर इमेज घेतात, आणि घेतातही. खरी परीक्षा ती परत उतरवताना होते. म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर बसवले की पहिल्याच दिवशी त्याच्या मेनूतून रेस्क्यू पेनड्राइव्ह, म्हणजे विंडोज बंद पडली तरी ज्यावरून संगणक सुरू होतो तो, बनवा (८ जीबीचा पुरतो, आतले सगळे पुसले जाते) आणि त्यावरून संगणक सुरू करून पाहा. डेल आणि लेनोव्होवर चालू करताच एफ१२ दाबत राहायचे, एचपीवर एफ९, एमएसआयच्या बोर्डावर एफ११. पडद्यावर सॉफ्टवेअरची खिडकी आली की घाईने बंद करू नका. डिस्कची यादी उघडा. पेनड्राइव्ह दिसतो, बाहेरची डिस्क दिसते, आणि आतली एसएसडी दिसतच नाही, असे ११ व्या पिढीच्या आणि पुढच्या इंटेल लॅपटॉपवर बरेचदा घडते. डिस्क मेलेली नसते. तिच्या पुढ्यात इंटेलचा व्हीएमडी हा नियंत्रक असतो आणि पेनड्राइव्हवरच्या छोट्या विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर उतरवून घ्या आणि पेनड्राइव्ह बनवताना तो जोडा. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा ‘शॉर्टकट’ काही जण सांगतात. त्याने पेनड्राइव्हला डिस्क दिसते, पण पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून थांबते.

संगणकाच्या आतच रिकव्हरी आहे मग पेनड्राइव्ह कशाला, असे विचारले जाते. १४ ऑक्टोबर २०२५ च्याच अपडेटने विंडोज ११ च्या रिकव्हरी पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माऊस चालेनासे केले होते. दुरुस्ती २० ऑक्टोबरला आली. त्या सहा दिवसांत ज्यांचा संगणक अडला, त्यांच्यापुढे पर्याय दिसत होते पण निवडायला हात नव्हता. पेनड्राइव्ह जुना ठेवूनही चालत नाही. सिक्युअर बूटची (सुरू होताना विश्वासाचेच सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीची) २०११ सालची प्रमाणपत्रे २०२६ च्या जून आणि ऑक्टोबरमध्ये कालबाह्य होतात, आणि ज्या संगणकावर जुना बूट मॅनेजर (विंडोज सुरू करून देणारा भाग) रद्द केला जाईल तिथे जुना पेनड्राइव्ह नाकारला जाईल. वर्षातून एकदा तरी तो नव्याने बनवा.

नावे घ्यायची तर, मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती वर्षानुवर्षे सर्वांच्या शिफारशीत होती. १ जानेवारी २०२४ पासून तिला सुरक्षा अपडेटही मिळत नाहीत. डाउनलोडच्या साइटवरून ती जुनी प्रत आता घेऊ नये. सध्याची आवृत्ती वार्षिक वर्गणीची आहे. लहान डिस्कवर उतरवणे, वेगळ्या हार्डवेअरवर बसवणे ही कामे ती चांगली करते. फुकटात विश्वासाचे म्हणजे व्हीम एजंटची मोफत आवृत्ती. नावनोंदणी मागते, दिसायला ऑफिसछाप आहे, पण पूर्ण संगणकाची इमेज, फक्त बदललेल्या भागाचा पुढचा बॅकअप आणि रेस्क्यू पेनड्राइव्हमध्ये संगणकाचे ड्रायव्हर घालणे हे ती नीट करते. नवी एसएसडी वेस्टर्न डिजिटल किंवा क्रूशियलची असेल तर अ‍ॅक्रोनिसची मर्यादित आवृत्ती कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. त्या कंपनीची डिस्क जोडलेली असणे ही अट.

क्लोनझिला पूर्णपणे मुक्त आहे, तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातून येते, आणि त्याच्या इमेज वापरणारे पण माऊसने चालणारे रेस्क्यूझिला सामान्य माणसालाही जमते. मात्र इथे दोन ठेचा लागतात. एक, विंडोज नेहमीच्या शटडाऊनने अर्धवट झोपलेली असते, म्हणून क्लोनझिला तो भाग असुरक्षित सांगून थांबते. शिफ्ट कळ दाबून धरून शटडाऊन करा. दुसरी, ती इमेज मूळ डिस्कइतक्या किंवा मोठ्या डिस्कवरच सरळ उतरते. १ टीबीची हार्ड डिस्क काढून ५१२ जीबीची एसएसडी बसवताना म्हणूनच हे अडते. आधी डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आवळून लहान करावा लागतो आणि पार्टिशनची मांडणीही हाताने करावी लागते. हे सवयीचे नसेल तर त्या बदलासाठी मॅक्रियम किंवा अ‍ॅक्रोनिस घेतलेले बरे.

बिटलॉकर या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीकडे कुणाचे लक्ष जात नाही. २४एच२ ची विंडोज नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरले की होम आवृत्तीतही डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ पाहा. चालू असेल तर खात्यात ठेवलेली ४८ अंकी किल्ली कागदावर छापून घ्या, संगणकाच्या पिशवीत नव्हे, कपाटात ठेवा. बायोस बदलला की ती मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर डेटा परत मिळण्याचा कोणताही मार्ग नाही. विंडोज चालू असताना घेतलेल्या इमेजमध्ये मजकूर उघडा असतो, म्हणून इमेजला पासवर्ड द्या आणि उतरवल्यावर एन्क्रिप्शन पुन्हा चालू करा.

महिन्यातून एक पूर्ण इमेज, शेवटच्या तीन जपून, आणि काम झाले की बाहेरची डिस्क काढून ठेवायची. एवढे घराला पुरते. रोजच्या वाढीव बॅकअपची लांब साखळी करू नका. मधली एक कडी तुटली की पुढच्या सगळ्या निकामी. सॉफ्टवेअरमधली ‘व्हेरिफाय’ ही तपासणी फाइल जशी लिहिली तशीच आहे एवढेच सांगते, तिच्यातून संगणक सुरू होईल असे सांगत नाही. मूळ डिस्क कुरकुरत असेल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ०५ (बदलून दिलेल्या खराब जागा) आणि सी५ (वाचता न येणाऱ्या संशयित जागा) हे आकडे पाहा. सी५ वाढत असेल तर नेहमीचे सॉफ्टवेअर खराब जागी पुन्हा पुन्हा डोके आपटते आणि डिस्क आणखी बिघडते. तिथे जीएनयू डीडीरेस्क्यू हवे, जे चांगला भाग आधी उचलून घेते. वीज जाणाऱ्या गावात इमेज उतरवताना यूपीएस किंवा भरलेली बॅटरी लागतेच. मध्येच वीज गेली तर डिस्क अर्धवट राहते, इमेज मात्र शाबूत असते, पुन्हा पहिल्यापासून उतरवायची.

घरी डीटीपी (छपाईसाठी मजकुराची मांडणी) करणाऱ्यांना एक खास विनंती. श्री-लिपी किंवा आयएसएम ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर आणि पेजमेकर असलेले जुने विंडोज ७ चे संगणक अजून कामावर आहेत. त्यांच्या इन्स्टॉलेशन सीडी चरे पडून वाचेनाशा होत आहेत. असा संगणक चालू आहे तोवरच त्याची इमेज दोन वेगळ्या डिस्कवर घ्या. हार्डवेअर लॉक (सॉफ्टवेअर चालण्यासाठी पोर्टात लावायचा तुकडा) असेल तर तो मात्र इमेजमध्ये येत नाही, तो जपावाच लागतो.

संगणक जोडून देणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानदारांकडून एक अपेक्षा आहे. विंडोज, ड्रायव्हर आणि गिऱ्हाईकाची सॉफ्टवेअर बसवून झाली की त्या स्वच्छ अवस्थेची इमेज आणि चालवून पाहिलेला रेस्क्यू पेनड्राइव्ह बिलासोबत द्यावा, त्याचे पैसे खुशाल वेगळे लावावेत. गिऱ्हाईकानेही पैसे देण्याआधी काउंटरवरच तो पेनड्राइव्ह लावून आतली डिस्क यादीत दिसते का ते पाहून घ्यावे.

आपला,
संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, पुणे