कॉलरच्या बटणाचं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत फॉर्स्टरच्या 'अ पॅसेज टू इंडिया'वरचा लेख वाचला. शंभरी ओलांडलेल्या (१९२४) कादंबरीवर कोणी एवढं मनापासून लिहितंय हेच विशेष. पण शेवटी लेखाचे लेखक म्हणतात की कादंबरीतला भारतीय डॉक्टर अझीझ आणि इंग्रज प्राचार्य फील्डिंग यांची मैत्री टिकली नाही कारण पूर्वग्रह दोन्हीकडे होते, टाळी एका हाताने वाजत नाही वगैरे, ते काही पटलं नाही बुवा.

पूर्वग्रह दोन्हीकडे होते हे खरंय, अझीझ काही संत नाही. हिंदूंबद्दल त्याच्या मनात बरंच काय काय आहे, आणि फील्डिंगने अझीझवर अतिप्रसंगाचा आरोप करणाऱ्या इंग्रज अ‍ॅडेलाशीच लग्न केलं असं स्वतःच ठरवून तो त्याची पत्रं वाचायचीही बंद करतो. पण इकडचा पूर्वग्रह फार तर पत्राला उत्तर देत नाही आणि तिकडचा पूर्वग्रह खटला उभा राहायच्या आधीच माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळा होतो, हे दोन्ही एकाच तराजूत कसे घालायचे?

लेखात कॉलरच्या बटणाचा प्रसंग यायला हवा होता, तो आलाच नाही. अझीझ पहिल्यांदा फील्डिंगच्या घरी जातो तेव्हा फील्डिंग कपडे करत असतो आणि त्याच्या कॉलरचं मागचं बटण (कॉलर शर्टाला अडकवायचं, सुटं) नेमकं तेव्हाच तुटतं. अझीझ म्हणतो माझ्याकडे एक जास्तीचं आहे, आणि गुपचूप स्वतःच्या कॉलरचं सोन्याचं बटण काढून देतो, मेव्हण्याने युरोपातून आणलेलं. पहिल्याच भेटीत! मग काय, त्याची स्वतःची कॉलर वर सरकत राहते. ते बघून इंग्रज मॅजिस्ट्रेट रॉनी नंतर काय म्हणतो, तर बघा, एवढा नटूनथटून आला पण मागचं बटण विसरला, हे लोक असेच ढिले. ज्या गोष्टीतून अझीझचा दिलदारपणा दिसायचा तीच त्याच्या अख्ख्या जातकुळीचा दोष म्हणून नोंदली गेली, आणि खरं काय ते रॉनीला कधी कळतही नाही, कळून घ्यायची त्याला गरजच नाही ना. आणि मुळात अझीझ ती कडक कॉलर घालतो कशाला, तर सायकलवरून जाताना साहेबी कपडे असले की पोलीस सोडतात, डोक्यावर फेझ टोपी दिसली की लगेच दिवा विझलाय म्हणून हटकतात. हे तो हसत हसत सांगतो म्हणून वाचताना जास्त लागतं.

कलेक्टरची बायको मिसेस टर्टन उर्दू शिकलीय पण फक्त नोकरांशी बोलण्यापुरती, त्यामुळे तिला क्रियापदाचा आज्ञार्थ सोडून दुसरं रूपच येत नाही. बरोबरीने बोलायची भाषाच जिथे शिकली जात नाही तिथे फील्डिंग कितीही चांगला असो (आणि तो आहेच, अझीझसाठी इंग्रजांचा क्लब सोडतो), एकटा किती पुरणार? शेवटी दोघं घोड्यावर आहेत, दोघांनाही मैत्री हवीय, अझीझ तर स्पष्टच सांगतो की आधी तुम्ही इंग्रज इथून जा, मग आपण दोस्त. यात दोन्ही बाजू सारख्या कुठे आल्या?

आपला,
एक वाचक

ता. क. लेखात कादंबरीतल्या प्रोफेसर गोडबोल्यांना बंगाली म्हटलंय!! अहो, आडनाव तरी बघायचं. ते दख्खनी ब्राह्मण आहेत, आणि तिसऱ्या भागात गोकुळाष्टमीला तुकारामाचं नाव घेत नाचतात. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या संस्थानाचे राजे तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव होता, तो उत्सव त्याने तिथेच पाहिला. एवढी दुरुस्ती तरी पुढच्या रविवारी छापा.