सुई एकच, अर्थ वेगळे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मिग-२१ वरचा लेख वाचला. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला या विमानाला निरोप दिला, तेव्हापासून असे लेख बरेच येतात आणि मी ते आवडीने वाचतो. पण ‘जीपीएस नसल्याने वैमानिक सुई दाखवील तिकडे नाक करून जात’ या वाक्याशी अडलो. मी हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो. त्या सुया तपासण्यातच उमेदीची वर्षं गेली.

मिगमधला एआरके-१० हा रेडिओ कंपास जमिनीवरच्या बीकनकडे, म्हणजे रेडिओ संकेत सोडणाऱ्या केंद्राकडे, बोट दाखवतो, बस्स. माझे मामा अंभोऱ्याला वैनगंगेवर डोंगा चालवायचे. गोसेखुर्दचं पाणी तेव्हा तिथवर आलेलं नव्हतं. पलीकडून परतताना नवशिका पोरगा चैतन्येश्वराच्या देवळावर नजर लावून वल्हवी. धार त्याला खाली ओढी, तो पुन्हा नाक देवळाकडे फिरवी आणि शेवटी मोठा वळसा पडून, धारेशी झगडत धापा टाकत काठाला लागे. मामा सुरुवातीपासूनच नाक वरच्या अंगाला ठेवत. डोंगा तिरपा दिसे, पण जाई सरळ.

आडव्या वाऱ्यात विमानाचंही तेच. नाक सुईवर धरलं तरी पोचता येतं, पण ठरल्या वाटेनं नाही. वाटेत डोंगर असतात, दुसरी विमानं असतात आणि टाकीत इंधन मोजकं. म्हणून दुसरी रीत अशी की, आधी रेघ आखायची आणि आपण तिच्या डाव्या अंगाला आहोत की उजव्या, हे बघत वाऱ्याचा कोन धरायचा. एक अंश चुकला तर साठ मैलांवर एक मैल बाजूला, हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ.

१९७९ मध्ये आलेल्या जग्वार विमानात संगणक होता. जायरोच्या, म्हणजे विमानाचं वळणं टिपणाऱ्या उपकरणाच्या, जोरावर तो स्वतःची जागा स्वतःच मोजी, जमिनीवरच्या बीकनची गरज नाही. हे मोजमाप तासागणिक थोडं सरकतं. मग पूल, नदीचं वळण अशी खूण पाहून दुरुस्ती. नातवाचा फोन वर्धा रोडवर वळण चुकलं की आहे तिथूनच नवा रस्ता सांगतो ना, तसाच हाही असू तिथून दिशा देई.

खरी मेख पुढे आहे. या सगळ्या रीती पुष्कळदा एकाच डायलवर दिसतात. अमेरिकेच्या एफ-१६ मध्ये स्विच ‘टॅकॅन’वर असेल तर तीच सुई जमिनीवरचं केंद्र दाखवते, ‘नॅव्ह’वर असेल तर संगणकात भरलेला बिंदू. एकदा आमच्याकडेही तक्रार आली, ‘सुई खोटं बोलते.’ दोन तास उपकरण उघडून बसलो. दोष काहीच नव्हता, स्विच भलत्याच जागी होता! वरिष्ठांनी बोलणी मात्र मलाच बसवली.

आपण डायलचं चित्र छान छापलंत. पुढच्या वेळी शेजारचा स्विचही छापा.

— एक निवृत्त सार्जंट, सोमलवाडा, नागपूर