सांगलीच्या लॅबमधल्या ताईंना जाहीर आभार पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "असू दे गं, आज प्लेटी बघितल्यास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं किंवा लॅबचं नाव यात घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही हे माहीत आहे. ओळखणारे ओळखतीलच.

एम.एस्सी., पीएच.डी.ची किती तरी मुलं हल्ली काही आठवडे, काही महिने दुसऱ्या लॅबमध्ये शिकायला जातात. नव्या शैक्षणिक धोरणात तर एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग आलं. परवानगीचं पत्र, हजेरीचा कागद आणि शेवटी सर्टिफिकेट, एवढं सगळ्यांना मिळतं. काहींना एवढंच मिळतं. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून दुसऱ्याचं काम बघायचं आणि मुदत संपली की सही घेऊन परत यायचं, असं सांगणाऱ्या मैत्रिणी मला भेटल्या आहेत. त्यामुळे तुमच्याकडे मला काय मिळालं ते नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

माझं काम आल्याच्या कुजीवर. कोरेगाव तालुक्यातल्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरे. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लागण, गादीवाफा, ठिबक, आणि मग पावसाळाभर जीव मुठीत. पाऊस लागून राहिला की वाफ्यातलं एखादं झाड पिवळं पडतं. धरून ओढलं की कोंब बुडातून अलगद हातात येतो आणि गड्डा दाबला की नुसतं पाणी. "सड लागली" म्हणायचं, दुकानातून बुरशीनाशक आणायचं, आळवणी करायची. आमच्या घरी वर्षानुवर्षं हेच चालत आलं. एखाद्या वर्षी औषध लागू पडायचं, एखाद्या वर्षी अख्खा प्लॉट बसेपर्यंत काडीचा फरक नाही. का, ते कोण सांगणार?

कारण सड एकाच नावाची असली तरी दुखणी दोन. एक पिथियमचं. दिसायला बुरशी, पण खरी बुरशी नव्हे. तिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं आणि तिचे बीजाणू पाण्यात पोहत एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. म्हणून पाणी साचलं की ती पसरते. दुसरं रालस्टोनिया सोलॅनेसिअरम या जिवाणूचं. तो झाडाच्या वाहिन्यांत शिरतो, वर चढणारं पाणी अडवतो आणि झाड हिरवं असतानाच मान टाकतं. मेटॅलॅक्सिल हे बुरशीनाशक पहिल्यावर चालतं, दुसऱ्यावर त्याचा शून्य उपयोग. परीक्षेत हे सगळं मी दोन पानं भरून लिहिलं होतं. बांधावर उभं राहून, हे समोरचं झाड कशानं चाललंय हे सांगायची विद्या मात्र मला कुणी दिली नव्हती. ती तुम्ही दिलीत.

तुमच्याकडे काम हळदीच्या कंदकुजीवर. हळद आणि आलं एकाच कुळातली, म्हणून माझ्या सरांनी तुम्हाला पत्र लिहिलं आणि मी सांगलीला आले.

त्याआधी पीसीआर मशीन, म्हणजे गरम-थंड करत डीएनएच्या एका तुकड्याच्या लाखो प्रती काढणारं यंत्र, मी पाहिलं होतं, पण लांबून. सबंध विभागाला एक मशीन. बिघडलं तर दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे ही सगळ्यांना धास्ती, त्यामुळे ते चालायचं ते प्रात्यक्षिकापुरतं. आम्ही भोवती कोंडाळं करून उभे राहायचो आणि पुढच्या रांगेतल्यांना थोडंफार दिसायचं. यात कुणाला दोष द्यायचा नाही. लहान गावातल्या कॉलेजांत वस्तू जपायची म्हणजे मुलांपासूनच जपायची, असं होऊन बसलंय. पण त्याचा परिणाम असा होतो की एम.एस्सी. झालेल्या मुलीचा हात मायक्रोपिपेट (थेंबाहूनही कमी द्रव मोजून उचलायचं साधन) धरताना थरथरतो.

तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्या हातात पिपेट दिलंत आणि समोर वजनाचा काटा ठेवलात. "शंभर मायक्रोलिटर पाणी उचल आणि काट्यावर सोड." शंभर मायक्रोलिटर पाणी म्हणजे शंभर मिलिग्रॅम, काटा खोटं बोलत नाही. अंगठा झटकन सोडला की हवेचा बुडबुडा येऊन वजन कमी भरायचं. टिप पाण्यात खोल बुडवली की बाहेरून थेंब चिकटून जास्त भरायचं. मी उचलत राहिले, सोडत राहिले, आकडे वहीत लिहीत राहिले. दुपारचा डबा खाऊन आल्यावर तुम्ही वही बघितलीत आणि म्हणालात, "आता दहा मायक्रोलिटर." त्या दिवशी कुठलाही प्रयोग झाला नाही. संध्याकाळी विश्रामबागेतल्या कॉटवर येऊन पडले तेव्हा अंगठा दुखत होता, पण हाताची भीती पार गेली होती. महागड्या लॅबमध्ये एका अनोळखी मुलीसाठी अख्खा दिवस नुसत्या पाण्यावर घालवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग पेल्याची गोष्ट. मी गावाकडून ओल्या पोत्यात गुंडाळून रोगट झाडं आणली होती. मला वाटलं, आता डीएनए काढायचा, मशीनला लावायचा. तुम्ही कपाटातून साधा काचेचा पेला काढलात, स्वच्छ पाणी भरलंत, खोडाचा बोटभर तुकडा तिरका कापून कापलेली बाजू पाण्यात धरलीत आणि म्हणालात, "हलू नको, बघत राहा." दोन-चार मिनिटांत त्या कापातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरायला लागला. बारीक, सरळ, तुटल्याशिवाय. "हे जिवाणू. लाखांनी बाहेर येताहेत. पिथियमच्या झाडातून असा धागा येत नाही." दुसऱ्या वाफ्यातल्या झाडाचा तुकडा धरला, पाणी तसंच नितळ राहिलं. माझ्या घरच्या एकाच प्लॉटमध्ये दोन्ही रोग होते आणि आम्ही दोन्हींवर एकच औषध ओतत होतो. मला त्या क्षणी रडू आलं, तुम्ही बघितलंत आणि काही न बोलता पेला धुवायला गेलात. त्याबद्दलही आभार.

त्यानंतरचं काम नेटानं झालं. टेट्राझोलियम हा रंग देणारा पदार्थ घातलेल्या माध्यमावर रालस्टोनियाच्या वसाहती वाढवल्या. केल्मन या शास्त्रज्ञानं १९५४ मध्ये दिलेली ही रीत आजही चालते. पांढऱ्या, बुळबुळीत, मधोमध गुलाबी ठिपका असलेल्या वसाहती दिसल्या की समजायचं, जिवाणूचा हा प्रकार रोग लावणारा आहे. पिथियमसाठी मातीच्या पाण्यात काकडीचे तुकडे टाकून ते पकडायचं. पकडलं की एक-दोन दिवसांत कापसासारखं माजून अख्खी प्लेट भरून टाकतं, त्यामुळे रविवार असो की सण, प्लेट बघायला यावंच लागायचं. ऑटोक्लेव्ह, म्हणजे निर्जंतुक करायचा मोठा कुकर, सांभाळणारे मामा तेव्हा माझ्यासाठी कुलूप उघडायला यायचे. मामांनाही हे पत्र वाचून दाखवा.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो जेलचा दिवस. पीसीआरमधून निघालेला डीएनए जेलमधून विजेनं सरकवला की लांबीप्रमाणे रेघा, म्हणजे बँड, दिसतात; प्रत्येक नमुन्याची रांग ती लेन. माझ्या नमुन्यांतून रालस्टोनियाचा २८० बेस पेअर (डीएनएची लांबी मोजायचं एकक) लांबीचा बँड आला होता, ठळक, जिथे यायला हवा तिथेच. मी आनंदात. तुम्ही मात्र शेवटच्या लेनकडे बोट दाखवलंत. त्या लेनमध्ये डीएनए नव्हताच, नुसतं पाणी घातलेलं, आणि तिथेही त्याच उंचीवर एक फिकट रेघ होती. माझ्या परवानगीच्या पत्राची मुदत संपत आली होती. घाईत असलेल्या माणसानं फोटोची ती कड कापून उरलेला भाग अहवालात लावला असता, आणि लावतातही, हे आपण दोघी जाणतो. तुम्ही म्हणालात, "पाण्यात बँड आहे म्हणजे बाकीच्या लेनचंही काही खरं नाही. सगळं परत."

मग पाणी बदललं, बफर बदललं, एकेक करून सगळ्या बाटल्या तपासल्या. शेवटी सगळ्यांच्या वापरातल्या प्रायमरच्या (कुठल्या डीएनए तुकड्याच्या प्रती काढायच्या ते ठरवणाऱ्या द्रव्याच्या) नळीत गडबड सापडली. तुम्ही ती टाकून दिलीत, नवीन प्रायमरचे छोटे छोटे भाग करून प्रत्येकाची नळी वेगळी केलीत, आणि माझी मुदत वाढवून घ्यायला स्वतः जिना चढून साहेबांकडे गेलात. नवीन जेलमध्ये पाण्याची लेन कोरी आली. तो फोटो माझ्या प्रबंधात पाण्याच्या लेनसकट आहे.

मशीन चालू असताना दीड-दोन तास थांबायचं असायचं. तेव्हा तुम्ही सांगितलेल्या गोष्टीही माझ्या शिक्षणाचाच भाग. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाला १९६०च्या दशकात एक जिवाणू सापडतो, तिथल्या पाण्यात जगतो म्हणून त्याचं एन्झाइम उकळीजवळच्या उष्णतेत टिकतं, आणि पुढे त्याच एन्झाइमवर कॅरी मुलिसनं शोधलेली पीसीआर चालायला लागते. मला गरम पाण्याचे झरे म्हणजे वज्रेश्वरी एवढंच ठाऊक. एखाद्या झऱ्यातला जीव कुणीतरी निव्वळ कुतूहलानं जपून ठेवतो आणि त्याच्या जोरावर कोरेगावच्या शेतातला रोग ओळखता येतो, हे ऐकून माझं विषयावर प्रेम बसलं. त्याआधी होता तो अभ्यास.

आणि तो पावसाचा आठवडा. कोयनेतून विसर्ग वाढला, सगळी सांगली मोबाईलवर कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघत होती. चाळीस फुटांची इशारा पातळी जवळ येत होती, वीज जात-येत होती. लॅबच्या डीप फ्रीजरमधली एन्झाइमं बर्फाच्या थर्माकोल खोक्यात भरून तुम्ही घरी नेलीत आणि तुमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलीत. त्यात माझ्या नमुन्यांच्या डीएनएच्या नळ्याही होत्या. तुमच्या सासूबाईंनी मला खिचडी-पापड खाऊ घातला आणि पाणी ओसरेपर्यंत कॉटवर एकटी राहू दिलं नाही. दुसऱ्या गावात शिकायला गेलेल्या मुलीला राहण्या-जेवणाचा घोर कामाच्या घोराइतकाच असतो. आईनं त्या काळात सुखानं झोप घेतली ती तुमच्या घरामुळे.

आता आबांचं सांगते. तुम्ही आमच्या रानात येऊन गेलात, त्यांना पेल्यातला धागा दाखवलात. आबांनी तुम्हाला विचारलं होतं, "मंग आता ह्याला औषध कुठलं सोडायचं?" तुम्ही स्पष्ट सांगितलंत की जिवाणूच्या सडीवर सोडून बरं होईल असं औषध नाही. झाड मातीसकट काढायचं, खड्ड्यात ब्लीचिंग पावडर टाकायची, त्या वाफ्याचं पाणी दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही, त्या रानातलं बेणं धरायचं नाही, आणि पुढची काही वर्षं तिथे आलं नको, टोमॅटो, वांगं, मिरचीही नको. आबांना असं सरळ उत्तर पहिल्यांदाच मिळालं. त्यांना ते पटलं, कारण तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत. आता भावकीतलं कुणी पिवळं झाड घेऊन आलं की आबा आधी आईला हाक मारतात, "काचंचा पेला आण गं." गेल्या पावसाळ्यात वस्तीवरच्या दोन प्लॉटांत धागा उतरला नाही, तिथे पिथियमची औषधं वेळेवर गेली, चर काढून पाणी बाहेर काढलं आणि पीक हाती आलं. एका प्लॉटात धागा उतरला. तिथे निदान औषधाचा खर्च वाचला आणि बेणं शेजारी गेलं नाही.

आमच्या विभागातही थोडं बदललंय. सरांनी मशीनच्या वापराची वही सुरू केली, संशोधनाचे विद्यार्थी आळीपाळीनं स्वतः प्रयोग लावतात. नवीन आलेल्यांकडून मी काट्यावर पाणी मोजून घेते. मुलं कंटाळतात, तरी घेते.

पुढच्या महिन्यात आमची दोन मुलं तुमच्याकडे येताहेत. एकाचं काम महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर, दुसरीचं आमच्या वाघ्या घेवड्यावर. मुलगी लाजाळू आहे, पटकन विचारणार नाही, पण वही फार नीट ठेवते. राहायची सोय विश्रामबागेत बघून ठेवलीय. नमुने कसे बांधून आणायचे ते मी शिकवलंय, पुढचं तुमच्या हाती. तिच्याबरोबर आईनं तुमच्या सासूबाईंसाठी आलेपाक दिलाय, घरच्या आल्याचा. डबा परत पाठवायची घाई करू नका.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी
ता. कोरेगाव, जि. सातारा