कळमना बाजाराचे भाव छापता, तसे जुन्या फ्लॅटचेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शनिवारच्या तुमच्या प्रॉपर्टी पुरवणीत पुन्हा तेच वाचलं, नागपुरात घराचे भाव कधी उतरतच नाहीत, मिहान आहे मेट्रो आहे समृद्धी आहे, घ्या अन् निवांत झोपा. माझा बेसा-पिपळ्याकडे टू बीएचके आहे आणि मी काही निवांत झोपून नाही राहिलो, म्हणून हे पत्र.

२०१७ च्या दिवाळीत ३२ लाखाला घेतला. बिल्डिंग जवळजवळ उभी होती म्हणून बिल्डरने दोन महिन्यांतच सगळे पैसे उचलले, त्यावर तेव्हाचा १२ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख ८४ हजार, स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्री वेगळी. हे पैसे घर विकताना कोणी परत देत नाही बाप्पा, पण तेव्हा कोण विचार करतं, गृहप्रवेशाच्या जेवणात पनीर ठेवायचं का वांग्याची भाजी यातच आमचे आठ दिवस गेले. कर्ज २८ लाख, २० वर्षांचं.

मग लॉकडाऊन. मार्च ते ऑगस्ट २०२० सहा महिने हप्ता थांबवला, सूट मिळाली म्हणून खूश होतो. सूट कसली, ते व्याज, सवा लाखाच्या आसपास, मुद्दलात जाऊन बसलं अन् त्यावर पुन्हा व्याज. २०२१ मध्ये बाबांच्या हॉस्पिटलसाठी ४ लाखांचं टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, काढलं. आणि मे २०२२ पासून रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, चढायला लागला तो ४ वरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर, माझा हप्ता तेवढाच राहिला पण मुदत लांबली, मला कोणी विचारलंही नाही. हप्ता वाढवायचा की मुदत हे ग्राहकाला विचारा असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आज टॉप-अप धरून बाकी २६ लाख ८० हजार.

आता आई आमच्याकडेच असते, वॉकरने चालते, पोरं मोठी झाली, दोन खोल्यांत पाच माणसं. म्हटलं थ्री बीएचके बघू, हा विकू. तिथे कळलं की आमच्या बिल्डिंगला ओसीच, म्हणजे राहायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्रच नाही, बिल्डरने वरचा मजला मंजुरीपेक्षा जास्त बांधला. ओसी नाही म्हटलं की मोठ्या बँका कर्जाला हात लावत नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक उरतं ते रोखवालं किंवा जास्त व्याजाने कर्ज काढणारं, अन् दोघंही भाव पाडूनच मागतात. शेवटी एक गिऱ्हाईक मिळालं, त्याच्या फायनान्स कंपनीचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, आला अन् २४ लाख लिहून गेला. २०२१ ला टॉप-अपच्या वेळी माझ्याच बँकेचा व्हॅल्युअर दहा मिनिटं गॅलरीत उभा राहून ३८ लाख लिहून गेला होता, चहासुद्धा नाही घेतला त्याने. फ्लॅट तोच, गॅलरी तीच, कर्ज द्यायचं तेव्हा ३८ अन् विकायचा तेव्हा २४.

घर विकून घराचंच कर्ज फिटत नाही, याला निगेटिव्ह इक्विटी म्हणतात हे मला लंडनच्या साळ्याने सांगितलं. तिकडे १९९० नंतर भाव पडले तेव्हा लोकांचं असंच झालं होतं म्हणे, आणि काही कर्ज देणाऱ्या कंपन्या तो खड्डा, म्हणजे घर विकूनही न फिटलेलं कर्ज, नवीन घराच्या कर्जात टाकून मोठ्या घरात जाऊ देत. आपल्याकडे ते जमत नाही, ३० लाखांवरचं कर्ज असेल तर बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर देऊ शकत नाही, ७५ लाखांच्या पुढे ७५ टक्केच, रिझर्व्ह बँकेचा नियम. मला विचाराल तर बरंच आहे, नाहीतर आपण नवीन घरातही पहिल्या दिवसापासून बुडालेलेच.

माझा हिशोब असा झाला. थ्री बीएचके ५८ लाख, त्याचे २० टक्के ११ लाख ६० हजार घरचे, स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रीचे चारेक लाख, जुन्या घराचा खड्डा २ लाख ८० हजार, दलाल वेगळा. म्हणजे १९ लाख रोख. आणि खड्डा आधी भरल्याशिवाय माझी बँक मूळ कागद सोडणार नाही, म्हणजे घर विकायलाही आधी पैसे पायजेत. एजंट म्हणे काहून टेन्शन घेता, गॅप पर्सनल लोनने भरा ना भाऊ. कमिशन त्याचं, हप्ता माझा.

साळ्याचं आणखी एक म्हणणं होतं की भाव पडलेले असताना मोठ्या घरात जाणं फायद्याचं, आपलं ५ लाखांनी पडलं तर मोठं १० लाखांनी पडलेलं असतं. बरोबर आहे, पण सगळं मार्केट पडलं तर. इथे समोरच्या नवीन स्कीमचे भाव चढून राहिले अन् आमचीच बिल्डिंग खाली गेली, तर फरक वाढतो, कमी होत नाही.

म्हणून सध्या विकणं कॅन्सल. आपला फ्लॅट ११ हजारांनी भाड्याने दिला अन् मानेवाड्याला थ्री बीएचके १९ हजारांनी घेतला, खाली लिफ्टसमोर रॅम्प आहे, आई खूश. नातेवाईक म्हणतात स्वतःचं घर असून भाड्याने राहता, म्हणू देत. उरलं सुरलं कर्जात भरतो, फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या रेटच्या होम लोनवर मुदतीआधी भरायचा दंड नाही तेवढं बरं.

आता तुमच्याकडे काम. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लॅट ३५ लाखांचा आहे, खाली कोणीच बोलत नाही, विकून गेलेले तर अजिबात बोलत नाहीत. मग मी नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमध्ये इंडेक्स-टू, म्हणजे झालेल्या रजिस्ट्रीचे उतारे, काढून बघितले, आमच्याच बिल्डिंगचे दोन वर्षांत तीन व्यवहार, २५, साडेचोवीस अन् २३ लाख. सगळं तिथे पडलेलं आहे, कोणी बघत नाही. तुम्ही कळमन्याच्या संत्र्याचे अन् तुरीचे भाव छापता ना, शेतकऱ्याला कळतं आज काय चाललं. तसेच आठवड्यातून एकदा बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर, हिंगणा रोड, कोराडी रोड इथल्या जुन्या फ्लॅटचे रजिस्ट्री झालेले भाव छापा, नावं काढून टाका. रोखीतलं त्यात दिसणार नाही अन् काही ठिकाणी रेडी रेकनरचाच, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराचाच आकडा लिहिलेला असेल हे मलाही कळतं, पण बिल्डरच्या जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा बरं. पुरवणीतली एक जाहिरात कमी झाली तरी चालेल.

आपला,
बेसा-पिपळ्याचा मालक, मानेवाड्याचा भाडेकरू
नागपूर